सभ्य राजकीय वादाचा सराव खेळातून कसा घ्यावा?

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात आपण दरमहा चर्चामंडळ भरवता. वीस-पंचवीस माणसे येतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन मुले-मुली आहेत आणि दोन-तीन पक्षांचे कार्यकर्तेही आहेत. विषय राजकारणाचा निघाला की काही मिनिटांतच आवाज चढतात, दोघे-तिघेच बोलत राहतात आणि बाकीचे गप्प बसतात किंवा पुढच्या महिन्यापासून येत नाहीत. अशा मंडळींकडून खेळाच्या माध्यमातून सभ्य वादाचा सराव करून घेता येईल का, आणि येत असेल तर कोणते खेळ घ्यावेत, असे आपण विचारले आहे. महाविद्यालयांत आणि गावपातळीवरील प्रशिक्षणांत असे खेळ मी बरीच वर्षे घेत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे निश्चित करता येते. मात्र विरोधकाचे म्हणणे नीट समजून घेतल्याशिवाय कोणालाही जिंकता येणार नाही, असे खेळाचे नियम असावे लागतात. ही अट पाळली नाही तर खेळातही तेच भांडण नव्याने होते.

आपल्याकडची चर्चा बिघडते तेव्हा आपण माणसांच्या स्वभावाला दोष देतो. मला त्याहून अधिक दोष त्या चर्चेच्या मांडणीत दिसतो. वाचनालयात बसून कर्जमाफी योग्य की अयोग्य यावर कितीही वेळ बोलले तरी शेवटी तेथे काहीच ठरायचे नसते. काही ठरायचे नसल्यामुळे समोरच्याची संमती मिळवण्याची गरज कोणालाच पडत नाही. उरते ती आपल्या बाजूच्या चार माणसांसमोर आपण नमलो नाही हे दाखवण्याची गरज. शिवाय प्रत्येक जण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घराण्याच्या, जातीच्या, पक्षाच्या ओळखीसह बोलत असतो. त्याच्या मुद्द्यावर घेतलेला आक्षेप त्याला स्वतःवर घेतलेला वाटतो, आणि लहान गावात तो आक्षेप बाजारपेठेपर्यंत त्याच्या मागे येतो. खेळ या दोन्ही गोष्टी बदलू शकतो. तो माणसाला काही काळापुरती दुसऱ्याची भूमिका देतो, म्हणून मागे हटणे म्हणजे नामुष्की ठरत नाही. आणि ठरलेल्या वेळेत एक निर्णय घ्यायला लावतो, म्हणून विरोधकाशी बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आपल्याकडे याची परंपरा नाही असे मुळीच नाही. वादविवाद स्पर्धा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत, आणि चिठ्ठी टाकून बाजू ठरवण्याची त्यांतली पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःच्या मताविरुद्ध विचार करावा लागतो. पण स्पर्धेत गुण परीक्षक देतात आणि ते वक्तृत्वाला देतात. प्रतिस्पर्ध्याला आपले म्हणणे पटले की नाही, याला तेथे काहीच किंमत नसते. युवा संसदेचेही काहीसे असेच झाले आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने (प्रतोद म्हणजे सभागृहात आपल्या पक्षाच्या सदस्यांची शिस्त पाहणारा सदस्य) मुलांनीच संसदेचे कामकाज करून दाखवण्याच्या या उपक्रमाची शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीतील शाळांमध्ये केंद्राच्या संसदीय कार्य विभागाने ती सुरू केली. सभागृहाची रीत, प्रश्नोत्तराचा तास, हरकतीचा मुद्दा हे सारे मुलांना तिच्यातून कळते आणि ते कळायलाच हवे. मात्र बहुतेक ठिकाणी प्रश्न आणि उत्तरे आधी लिहून पाठ केलेली असतात, त्यामुळे समोरचा काय म्हणाला हे ऐकण्याचे कारणच उरत नाही. म्हणून या दोन्ही प्रकारांचा आदर राखून, आपल्या मंडळासाठी मी निराळ्या धर्तीचे खेळ सुचवतो.

पहिला खेळ संविधान सभेतील एका प्रसंगावर आधारलेला आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे भावी राज्यघटनेची ध्येये सांगणारा ठराव, मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही अद्याप यायचे होते. अशा अवस्थेत हा ठराव लगेच संमत करावा की अनुपस्थितांची वाट पाहावी, हा प्रश्न होता. १६ डिसेंबरला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी ठरावावरील निर्णय पुढे ढकलावा अशी दुरुस्ती मांडली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षांनी बोलायला सांगितले. आपल्या आधी वीस-बावीस नावे असताना आपल्याला अचानक पाचारण झाले, असे त्यांनी आरंभीच नमूद केले आहे.

हा प्रसंग मी निवडतो, कारण त्यात दोन्ही बाजू खरोखरच वजनदार आहेत. ठराव तातडीने करावा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे होते की कोणी बहिष्कार घातला म्हणून देशाचे काम अडून राहू नये. थांबावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे होते की ज्यांच्यासह राहायचे आहे त्यांच्या गैरहजेरीत पाया घातला, तर ते पुढे येण्याची वाटच बंद होईल. शिवाय बाबासाहेबांचे ते भाषण सभ्य वादाचा उत्तम नमुना आहे, आणि त्यातला सौम्यपणा मुद्दे बोथट करून आलेला नाही. ठरावात हक्क सांगितले आहेत, पण ते मिळवण्याचे उपाय सांगितलेले नाहीत, अशी कडक टीका त्यांनी केली. मजबूत केंद्रसत्ता हवी हे स्वतःचे मतही त्यांनी लपवले नाही. त्याच वेळी आपण सारे परस्परांशी झगडणाऱ्या छावण्यांत विभागलो आहोत आणि मीही कदाचित अशाच एका छावणीचा नेता असेन, हे त्यांनी भर सभेत कबूल केले. ठराव संमत करण्याची सत्ता सभेला आहे, हे मान्य करून, सत्ता वेगळी आणि शहाणपण वेगळे, असे त्यांनी बजावले. अखेर निर्णय जानेवारीपर्यंत लांबला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. (पुढे जयकरांनी सोडलेल्या मुंबई प्रांतातील जागेवरूनच, फाळणीमुळे बंगालमधील जागा गेलेले बाबासाहेब संविधान सभेत परत आले, हे खेळाच्या शेवटी सांगितले की ऐकणाऱ्यांना त्या दोन नावांतला धागा कळतो.)

खेळ असा घ्यावा. पाच-सहा जणांना ठराव तातडीने करावा ही बाजू द्यावी आणि तितक्याच जणांना थांबावे ही बाजू. उरलेले सारे अनिर्णित सदस्य असावेत, आणि खेळाचे खरे बळ यांच्यातच असते. प्रत्येक अनिर्णित सदस्याच्या भूमिकापत्रावर एक खरी शंका लिहिलेली असावी: वाट पाहायची तर किती दिवस? लीग कधीच आली नाही तर? आज ठराव झाला नाही तर लोकांचा सभेवरचा विश्वास ढळेल का? संस्थानातील प्रजेच्या वतीने कोण बोलणार? भूमिकापत्रे आठवडाभर आधी द्यावीत, अर्ध्या पानाहून मोठी नसावीत, आणि त्यांतले मुद्दे प्रत्यक्ष झालेल्या भाषणांतूनच घ्यावेत.

बोलण्याचा नियम एकच, पण तो अपवाद न करता पाळावा. आधीच्या विरोधी वक्त्याचा मुद्दा प्रथम दोन वाक्यांत सांगायचा. त्या वक्त्याने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे म्हटले, की मगच स्वतःचा मुद्दा मांडायचा. त्याने दुरुस्ती केली तर पुन्हा सांगायचे. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला हात घालत नसत, तीच ही रीत आहे. फरक इतकाच की येथे पूर्वपक्ष बरोबर मांडला की नाही, हे पूर्वपक्षाचा माणूसच ठरवतो. सुरुवातीला लोकांना हे फार संथ वाटते. त्यांना संथच वाटू द्यावे. मला असे दिसून आले आहे की दुसऱ्या फेरीपासून वक्ते आपला मुद्दा विरोधकाला दोन वाक्यांत सांगता येईल अशा बेताने स्वतःहून आटोपशीर करू लागतात, आणि ओरडणे तर जवळजवळ थांबतेच, कारण आवाज चढवलेला मुद्दा समोरच्याला नीट सांगता येत नाही आणि खोळंबा आपलाच होतो.

गुण वक्तृत्वाला देऊ नयेत. शेवटी प्रत्येक अनिर्णित सदस्याने मतपत्रिकेवर मत लिहावे आणि त्याखाली, ज्या बाजूला मत दिले नाही त्या बाजूचा कोणता मुद्दा आपल्याला सर्वांत जड वाटला, तेही लिहावे. नुसत्या बहुमतापेक्षा दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या दुरुस्तीला अधिक मोठा विजय मानायचे, हे आरंभीच जाहीर करावे. मग गट पुष्कळदा 'अमुक तारखेपर्यंत थांबू, त्यानंतर थांबणार नाही' अशा तोडग्यापाशी स्वतःच येतात, आणि प्रत्यक्षात काय घडले ते वाचून दाखवल्यावर त्यांना त्याचे अप्रूप वाटते. अशा ऐतिहासिक भूमिकांची पद्धत न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात रुजवली. तिच्यातला एक खेळ १९४५ च्या सिमला परिषदेवर बेतलेला आहे. अनिर्णित सदस्यांची कल्पना मी तिच्यातूनच घेतली आहे.

दुसरा खेळ घरच्या अंगणातला आहे, म्हणून अधिक अवघडही आहे. ग्रामसभा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिचा कायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. एका काल्पनिक गावाची ग्रामसभा भरवावी आणि निधीचे वाटप करायला सांगावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित (त्याच कामांवर खर्चायची) होती आणि ४० टक्के अबंधित, ही खरी चौकट ठेवली की वादाला बूड येते. समजा, गावाकडे १० लाख रुपये आहेत आणि मागण्या १८ लाखांच्या आहेत. प्रत्येक खेळाडूला एक मागणी द्यावी आणि त्याखेरीज एक माहिती द्यावी, जी कोणी विचारल्याशिवाय त्याने उघड करायची नाही. अंगणवाडी सेविकेला माहीत आहे की छताच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या योजनेतून निम्मे पैसे मिळू शकतात. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला माहीत आहे की नळयोजनेतली गळती दोन ठिकाणीच आहे. रस्ता मागणाऱ्या शेतकऱ्याला माहीत आहे की वळणाची जागा शेजाऱ्याच्या मालकीची आहे. हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर सभा चुकीचा निर्णय घेऊन उठते आणि शेवटी सगळ्यांची भूमिकापत्रे उघडल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात येते. जो विचारतो तो जिंकतो, ही शिकवण भाषणातून देता येत नाही.

या खेळात दोन गोष्टी मुद्दाम ठेवाव्यात. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते. खेळातही ती आधी घ्यावी आणि तिच्या शिफारशी मुख्य सभेत वाचल्या जाव्यात. आपल्या मंडळातल्या गप्प बसणाऱ्या मुली या टप्प्यावर बोलू लागण्याची शक्यता अधिक असते, कारण त्यांचे म्हणणे सभेपुढे ठरावाच्या रूपाने येते आणि त्याला उत्तर देणे सभेला भाग पडते. दुसरी गोष्ट गणपूर्तीची. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. खेळात दोन खेळाडू रागाने निघून गेले की सभा तहकूब होईल, अशी संख्या ठरवावी. मग माणसांना सभेत टिकवून ठेवणे ही सगळ्यांची गरज बनते.

हाच खेळ पुढे एखाद्या महिन्यात सर्वसहमतीच्या नियमाने घेऊन पाहावा. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वर्षानुवर्षे बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेतले आहेत, आणि देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्राला ते काम माहीत झाले. त्यांची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे अभ्यासगट आणि ग्रामसभा यांतला भेद. अभ्यासगटात माहिती घेऊन मोकळेपणाने चर्चा करायची, तेथे निर्णय घ्यायचा नाही; निर्णय ग्रामसभेतच घ्यायचा. खेळातही आधी निर्णयाविना अभ्यासाची फेरी घेतली, तर लोक बाजू ठरवण्याआधी ऐकतात. सर्वसहमतीचा धोकाही सांगून ठेवतो: एकट्या माणसावर 'तू अडवतोस' असे दडपण येऊ शकते. म्हणून हरकत घेणाऱ्याला पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागण्याचा हक्क असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये.

तिसरा खेळ छोटा आहे आणि चालू विषयावर घेता येतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ब्रायन कॅप्लान यांनी २०११ साली एक कसोटी सुचवली: विरोधकाचे मत तुम्ही असे मांडू शकता का, की ऐकणाऱ्याला ते तुमचेच खरे मत वाटावे? जुन्या निवृत्तिवेतन योजनेचा विषय घ्या. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना ती योजना लागू नव्हती आणि मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यव्यापी संप झाला. तेव्हा या विषयावर मत नसलेला माणूस आपल्याकडे क्वचितच सापडेल. सहा जणांनी निनावी चिठ्ठीवर जुन्या योजनेच्या बाजूने परिच्छेद लिहावा, ज्यांतले तिघे प्रत्यक्षात तिच्या विरोधात असावेत. मग चिठ्ठ्या वाचून खरे समर्थक कोणते हे बाकीच्यांनी ओळखावे. पुढे उलट बाजूने हेच करावे. ज्याची चिठ्ठी ओळखता आली नाही तो जिंकला. विरोधकाचे म्हणणे आपण किती ओबडधोबड करून मनात ठेवले होते, हे लिहायला बसल्यावर ज्याचे त्याला उमजते. मोबाइलवर अपप्रचार ओळखायला शिकवणारे खेळही आता मिळतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांत समोर माणूस नसतो, म्हणून आपल्या कामासाठी ते दुय्यम समजावेत.

आता मर्यादेविषयी, आणि येथे मी आग्रही आहे. कोणाच्याही माणुसकीचा प्रश्न खेळाचा विषय करू नये. दलित विद्यार्थिनीच्या हाती चिठ्ठीने आरक्षण रद्द करावे ही बाजू येणे, किंवा दोनच मुस्लिम सदस्य असलेल्या गटात त्यांच्या नागरिकत्वावर फेरी घेणे, हा सराव नव्हे. त्यातून एकाचा विरंगुळा आणि दुसऱ्याची जखम एवढेच निष्पन्न होते. ज्यावर समान स्थानावरची माणसे खरोखर वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात, असेच विषय निवडावेत, आणि भूमिका नाकारण्याचा हक्क कारण न विचारता द्यावा. सभ्यता म्हणजे हळू आवाज, असा अर्थही होऊ देऊ नये. अन्याय सोसलेल्यालाच सौम्य बोलण्याचा उपदेश करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्यांना थोडे सबुरीने घ्या असे सांगणारेही पुष्कळ होते. म्हणून नियम माणसाच्या अवमानाविरुद्ध असावा, कडक विधानाविरुद्ध नसावा. 'हा निर्णय अन्याय्य आहे' हे कितीही तीव्रतेने म्हणता यावे. 'तुम्ही लोक असेच' हे मात्र एकदाही चालू देऊ नये.

खेळाला जितका वेळ दिला, जवळजवळ तितकाच वेळ नंतरच्या बोलण्याला द्यावा. तो काटला जातो आणि तिथेच नुकसान होते. भूमिकेचे नाव लिहून लावलेली पट्टी प्रत्येकाने काढून ठेवावी, स्वतःचे नाव सांगावे, आणि मग विचारावे: विरोधकाचा कोणता मुद्दा परतवता आला नाही? कोणत्या क्षणी राग आला आणि कशामुळे? आपल्या खऱ्या मताच्या बाजूने बोलणाऱ्याने कोणता मुद्दा सोडला, जो तुम्ही असता तर मांडला असता? 'तुमचे मत बदलले का' हा प्रश्न विचारू नये. मत सहसा बदलत नाही आणि ते बदलावे असा आपला उद्देशही नाही. वेगळे मत असलेल्या माणसाशेजारी पुढच्या महिन्यातही बसावेसे वाटणे, इतकी अपेक्षा पुरेशी आहे.

आपल्या मंडळासाठी क्रम असा ठेवावा: पहिल्या महिन्यात संविधान सभा, दुसऱ्यात काल्पनिक गावाची ग्रामसभा, तिसऱ्यात चिठ्ठ्यांचा खेळ, आणि त्यानंतरच आपल्या तालुक्याचा एखादा खरा प्रश्न. खऱ्या पक्षांची नावे पहिले काही महिने अजिबात येऊ देऊ नयेत. अध्यक्षपद दरवेळी बदलावे आणि अध्यक्षाने मत देऊ नये.

राहिला प्रश्न त्या दोन कार्यकर्त्यांचा, जे प्रत्येक सभा ताब्यात घेतात असे आपण लिहिले आहे. त्यांना वगळू नका. त्यांना विषयाची माहिती इतरांहून अधिक असते. त्यांना पहिल्या खेळात इतिवृत्त लिहायचे काम द्या, दोघांना मिळून एकच. प्रत्येक वक्त्याचे म्हणणे त्यांनी टिपायचे, आणि पुढच्या सभेच्या आरंभी ते वाचून दाखवायचे. ज्याचे म्हणणे टिपले आहे त्याने हात वर करून मान्य केल्याशिवाय इतिवृत्त कायम करायचे नाही, आणि ते कायम झाल्याशिवाय त्या दोघांना पुढच्या खेळात भूमिका द्यायची नाही.